पाण्याचा हिशेब आणि मापांचा घोळ

ज्या वहीत जमा एका नाण्यात, खर्च दुसऱ्या नाण्यात आणि शिल्लक तिसऱ्याच नाण्यात मांडली आहे, अशी वही एखाद्या मुनिमाने खामगावच्या अगर मलकापूरच्या पेढीवर आणून ठेवली, तर धनी ती मान्य करील काय? तो प्रथम हेच विचारील की, या तिन्ही नाण्यांचा मेळ कोठे आहे? आणि मेळ न दाखविता आल्यास त्या मुनिमाची रवानगी त्याच दिवशी होईल, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. परंतु जी गोष्ट आपण पैशाच्या बाबतीत एक दिवसही सहन करणार नाही, ती पाण्याच्या बाबतीत वर्षानुवर्षे निमूटपणे सहन करीत आहोत. पाऊस मोजला जातो तो मिलिमीटरांत, धरणात त्याचा साठा सांगितला जातो तो ‘दलघमी’त, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत, धरणातून तो सोडला जातो क्युसेकने, नव्या योजनांची भाषणे होतात ती टीएमसीत, तलावातील गाळ निघतो तो ब्रासने, आणि उन्हाळ्यात वस्तीवर टँकर येतो तो लिटरने. पाणी एकच, पण मापे सहा. आणि या सहांचा एकमेकांशी मेळ घालून दाखविण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. शेवटी ज्या घरधनिणीच्या डोक्यावर हंडा येतो, तिला या साऱ्या आकड्यांपैकी एकाही आकड्याचा स्वतःच्या हंड्याशी काय संबंध, हे कळावयास मार्ग राहत नाही.

हा प्रश्न केवळ शाळेतील अंकगणिताचा आहे, असे कोणी समजू नये. ज्याला माप कळत नाही, त्याला वाटा मागता येत नाही. आणि ज्याला वाटा मागता येत नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीखेरीज काही येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, बुलढाणा जिल्ह्यातील पाण्याचा सार्वजनिक हिशेब, मग तो धरणाचा असो, तलावाच्या गाळाचा असो वा टँकरचा असो, लिटर, घनमीटर आणि दशलक्ष घनमीटर या एकाच मापमालिकेत मांडला जावा, आणि ही मालिका चढण्याउतरण्याची विद्या प्रत्येक साक्षर नागरिकाने आत्मसात करावी.

ही विद्या कठीण नाही. जुन्या काळी ती खरोखर कठीण होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक आपल्या आजोबा-पणजोबांनी छडी खाऊन पाठ केले. आणि पाठ करूनही त्यांची फसवणूक टळली नाही. कारण एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीशी जुळत नसे, आणि ‘शेर’ हा शब्द वजनालाही होता व मापालाही होता. घेण्याचे माप निराळे आणि देण्याचे माप निराळे ठेवणाऱ्या सावकारांच्या गोष्टी वऱ्हाडात आजही सांगितल्या जातात. हा गोंधळ मोडण्यासाठीच स्वतंत्र भारताने १९५६ साली वजन-मापांचा कायदा करून मेट्रिक पद्धती स्वीकारली. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली आणि पुढील काही वर्षांत शेर, मण व पायली यांची कायदेशीर सत्ता संपली. फ्रान्समध्ये १७९५ साली कायद्याने रूढ झालेली ही पद्धती आपल्याकडे येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. परंतु आल्यावर ती बाजाराने स्वीकारली. आज आठवड्याच्या बाजारातली म्हातारीदेखील किलो आणि लिटर बिनचूक बोलते. जे बाजारास साधले ते पाण्याच्या कारभारास का साधू नये?

या मालिकेचे मर्म एका ठोकळ्यात आहे. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा डबा घ्या. त्यात मावेल ते एक लिटर. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा हौद घ्या. त्यात असे दहा डबे लांबीस, दहा रुंदीस आणि दहा उंचीस बसतील, म्हणजे एकंदर एक हजार. म्हणून एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. पुष्कळ शिकलेले लोक येथे चुकतात. मीटरात सेंटिमीटर शंभर, तेव्हा घनमीटरात घन सेंटिमीटरही शंभर, असे ते धरून चालतात. वास्तविक ते दहा लाख असतात, कारण शंभराची पायरी तीन दिशांनी तीन वेळा चढावी लागते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे आपोआप येते. एक हेक्टर जमिनीवर एक मीटर उंच पाणी उभे केले तर ते दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. यास हेक्टर-मीटर म्हणतात. असे शंभर हेक्टर-मीटर म्हणजे एक दलघमी, आणि एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. पाऊस या मालिकेत आणखी सुरेख बसतो. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते नेमके एक लिटर पाणी होते. एका हेक्टरावर तोच एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, अर्थात मोठा एक टँकर. ज्या पावसास आपण ‘नुसता शिडकावा’ म्हणून नाक मुरडतो, तो प्रत्येक हेक्टरावर एक टँकर रिकामा करून जातो, हे किती जणांच्या ध्यानात येते?

आता ही विद्या आपल्या जिल्ह्यास लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांवर होती. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने रोज २७५ लिटर, आणि वर्षास सुमारे १०० घनमीटर पाणी लागते. हा शंभराचा आकडा प्रत्येक कुटुंबाने घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. २०११ च्या लोकसंख्येस हेच प्रमाण लावले, तर साऱ्या जिल्ह्याची गरज रोज सुमारे सव्वाचौदा कोटी लिटर, आणि वर्षास सुमारे ५२ दलघमी निघते. त्यानंतर लोकसंख्या वाढली आहे आणि शहरांचे प्रमाण अधिक असते, हे मान्य करून आपण ती गरज सरसकट दुप्पट धरू. तरी ती १०४ दलघमीच्या आत राहते.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. देऊळगाव राजा भागातील खडकपूर्णा प्रकल्पाचा उपयुक्त साठा सुमारे ९३ दलघमी, मोताळा तालुक्यातील नळगंगेचा सुमारे ६९ आणि मेहकर तालुक्यातील पेनटाकळीचा सुमारे ६० दलघमी आहे. या तीन मोठ्या धरणांची बेरीज २२२ दलघमी होते. मध्यम व लघु प्रकल्प यात धरलेलेच नाहीत. बुलढाणे शहर ज्यावर अवलंबून आहे ते येळगाव आणि खामगावचे ज्ञानगंगेवरील गेरू माटरगाव, हेही या बेरजेबाहेर आहेत. म्हणजे ही तीन धरणे भरलेल्या वर्षी जिल्ह्याच्या दुप्पट धरलेल्या तहानेच्याही दुपटीहून अधिक पाणी त्यांत असते. मग अशा वर्षाच्या उन्हाळ्यातही जिल्ह्यात टँकर का फिरावे?

याचे उत्तर सोपे नाही. धरणे मुख्यतः शेतीसाठी बांधली आहेत. शेतास लागणारे पाणी पिण्याच्या पाण्याहून कितीतरी पट अधिक असते, आणि शेतकऱ्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही. धरण एकीकडे आणि तहानलेले गाव दुसरीकडे, ही अडचणही खरी आहे. जिल्ह्याचे पाणी अर्धे तापीच्या आणि अर्धे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते, मध्ये अजिंठ्याचे डोंगर आहेत, आणि नळाविना पाणी डोंगर चढत नाही. शिवाय उन्ह आपला वाटा सर्वांच्या आधी घेते. एक हजार हेक्टरांवर पसरलेल्या पाण्यातून दिवसास एक सेंटिमीटर पाणी उडून गेले असे धरले, तर ते दहा कोटी लिटर होते. जिल्ह्याच्या वर काढलेल्या रोजच्या गरजेच्या दोनतृतीयांशांहून ते अधिक आहे. परंतु हे सारे मान्य करूनही मुद्दा उरतोच. टंचाई ही केवळ आकाशाची करणी नसून वाटणीची, वाहतुकीची आणि राखणीची बाब आहे, हे सत्य आकडे एका मापात आणल्याबरोबर उघडे पडते. आणि ते सहा मापांत विखुरलेले असतात तोवर झाकलेले राहते. ‘पाणीच नाही’ हे वाक्य ऐकून माणूस आभाळाकडे पाहतो. ‘पाणी इतके होते आणि ते अमक्या ठिकाणी गेले’ हे वाक्य ऐकून तो कचेरीकडे पाहू लागतो. या दोन दृष्टींतले अंतर म्हणजेच लोकशाही होय.

आकडे झाकण्याची सर्वांत सभ्य रीत म्हणजे टक्केवारी. ‘जिल्ह्यातील प्रकल्पांत ४० टक्के साठा’ या वाक्याने ना शेतकऱ्यास काही कळते, ना गिरणीवाल्यास. खडकपूर्णेचे ४० टक्के म्हणजे सुमारे ३७ दलघमी. पाव दलघमीच्या गावतलावाचे ४० टक्के म्हणजे एक लाख घनमीटर. तहान टक्क्यांनी भागत नाही, लिटरांनी भागते. शिवाय ही टक्केवारी एकूण साठ्याची की उपयुक्त साठ्याची, हे पुष्कळदा सांगितलेच जात नाही. धरणाच्या तळाशी जो मृतसाठा असतो तो दरवाजाच्या खाली असल्यामुळे सहजासहजी हाती येत नाही. तो बेरजेत धरणे म्हणजे बुडीत उधारी रोकड शिलकेत दाखविणे होय. असा ताळेबंद कोणत्याही पेढीवर खोटा ठरेल.

टीएमसी आणि क्युसेक यांची गोष्ट याहून निराळी नाही. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्याचे सुमारे २८.३२ दलघमी होतात. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर. फूट हे माप व्यवहारातून कायद्याने केव्हाच गेले; परंतु पाटबंधाऱ्यांच्या भाषेत त्याचे भूत अद्याप वावरते. एखाद्या धरणातून एक हजार क्युसेक विसर्ग चालू आहे, ही बातमी वाचून वाचक पान उलटतो. त्यास कोणी सांगितले की, हा विसर्ग एक दिवस चालला तर सुमारे पावणेदोनशे नव्हे, अडीचशे कोटी लिटरांच्या घरात, म्हणजे जिल्ह्याच्या सतरा दिवसांच्या पिण्याइतके पाणी खाली जाते, तर तो पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबेल. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचेही तेच. राज्य सरकारने २०२४ साली त्यास मंजुरी दिली. गोसीखुर्दपासून सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक वाट काढून पाणी आपल्या नळगंगेपर्यंत आणावयाचे, अशी ही योजना आहे. तिचे पाणी कोणी ६२ टीएमसी सांगतो, कोणी १७७२ दलघमी. आणि सभेतील श्रोत्यांस वाटते की दोन वक्ते दोन निरनिराळे आकडे सांगून भांडत आहेत. वस्तुतः दोन्ही आकडे एकच आहेत. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. या योजनेतून सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजावयाची आहे. सारेच्या सारे पाणी शेतीस दिले आणि वाटेत थेंबही गळला नाही असे धरले, तरी हेक्टरी पावणेपाच हजार घनमीटरांच्या आसपास, म्हणजे शेतात पाऊण हातापेक्षा किंचित अधिक नव्हे, नेमके सांगावयाचे तर सुमारे ४८ सेंटिमीटर उंचीचे पाणी येते. आणि त्यातच घरगुती व कारखान्यांचा वाटा निघावयाचा आहे. या पाण्यावर कोणते पीक शोभेल आणि कोणते शोभणार नाही, याचा विचार शेतकऱ्यास आजच करता येतो. मात्र आकडा त्याच्या शेतापर्यंत उतरवून दिला पाहिजे.

आता ब्रासकडे वळू. या मापाचा त्रास बुलढाणा जिल्ह्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल. कारण गाळ काढण्याच्या कामात या जिल्ह्याने देशापुढे उदाहरण ठेवले आहे. तलाव व नाले यांतील माती-मुरूम राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी उचलावयाचा आणि त्याच खर्चात पाणीसाठा वाढवावयाचा, ही युक्ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने सर्वत्र वाखाणली गेली. त्याआधी २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली होती, आणि २०१८ साली भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने जिल्ह्यात यंत्रे लावून गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली. या कामांचे मोल आम्ही पूर्णपणे जाणतो; म्हणूनच त्यांचा हिशेब निर्दोष असावा असा आमचा आग्रह आहे.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. वाळू आणि मुरूम यांचे व्यवहार आजही याच मापाने बोलले जातात. कोणी म्हणेल की, गुणिले २.८३ केले की काम झाले, त्यात एवढे काय बिघडले? बिघडते ते येथे. जमिनीत दबलेली माती खोदून ट्रॉलीत टाकली की ती फुगते. मातीच्या जातीप्रमाणे तिचे आकारमान पाचवा हिस्सा ते चौथाई, क्वचित त्याहूनही अधिक वाढते. म्हणजे ट्रॉलीत मोजलेले सव्वाशे घनमीटर हे खड्ड्यात शंभरच घनमीटर असू शकतात. ट्रॉलीच्या ब्रासवरून तलावात किती लिटर पाणी अधिक मावेल हे सांगू लागलो, तर दर शंभर लिटरांमागे पंचवीस लिटर केवळ कागदावर साठतात. यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. माप चुकीच्या जागी लावले एवढाच दोष पुरेसा आहे. उपाय सरळ आहे. गाळ ट्रॉलीत मोजू नये, खड्ड्यात मोजावा. शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद तळे सर्वत्र एक मीटर खोल केले, तर पाच हजार घनमीटर जागा झाली, म्हणजे पन्नास लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे पाचशे टँकर. गावातील सातवीचा मुलगा फीत धरून हा हिशेब करू शकतो. ट्रॉल्या मोजण्यासाठी मात्र रात्रंदिवस पहारा लागतो.

शेततळ्याच्या बाबतीत असाच एक भ्रम आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हे माप तोंडोतोंडी झाले आहे. तीस गुणिले तीस गुणिले तीन म्हणजे २७०० घनमीटर, अर्थात २७ लाख लिटर, असा हिशेब शेतकरी मनाशी मांडतो आणि त्या भरवशावर संत्र्याची अगर भाजीपाल्याची लावणी करतो. परंतु तळ्याच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार एकास एक धरला, तर तळाशी लांबी-रुंदी चोवीस मीटरच उरते, आणि खरा साठा २१९६ घनमीटर भरतो. पाच लाख लिटरांची, म्हणजे पन्नास टँकरांची ही तूट ऐन वैशाखात उघडकीस येते, आणि तोवर फळे झाडावर असतात.

सर्वांत निकडीची बाब टँकरची. पेट्रोल पंपावर ग्राहकास शंका आली, तर पाच लिटरांचे प्रमाणित माप आणवून तो खात्री करून घेऊ शकतो. वैध मापन यंत्रणा त्यासाठीच आहे, आणि त्या पाच लिटरांत २५ मिलिलिटरांहून अधिक फरक चालत नाही. पाण्याच्या टँकरवर मात्र रंगाने लिहिलेला आकडा हाच वेदवाक्य मानला जातो. लंबवर्तुळाकार टाकीचे माप काढणे अवघड नाही. रुंदी, उंची आणि लांबी मीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास ०.७८५४ ने गुणावे. उत्तर घनमीटरांत येते. रुंदी दोन मीटर, उंची दीड मीटर आणि लांबी सव्वाचार मीटर असल्यास १०.०१ घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पुरते भरतात. लांबी पावणेचार मीटरच असेल, तर ८८३६ लिटर भरतात. आणि बाहेर रंगवलेला आकडा मात्र दहा हजारांचाच राहू शकतो. असा टँकर दिवसास तीन खेपा याप्रमाणे नव्वद दिवस चालला, तर गावाचे तीन लाख चौदा हजार लिटर पाणी न येताच आल्याची नोंद होईल. दोन हजार वस्तीच्या गावास ५५ लिटरांच्या प्रमाणाने रोज अकरा टँकर लागतात; जेथे तीनच येतात, तेथे माणशी पंधरा लिटर पडतात. त्या पंधरांतले पावणेदोन लिटर मापाच्या चुकीत जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. ते तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाणी आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, मोजल्याने पाणी वाढत नाही. खरे आहे, पण न मोजल्याने ते पाझरते, आणि कोठे पाझरले हे सांगण्याची जबाबदारीही त्याबरोबरच नाहीशी होते. दुसरा आक्षेप असा की, टीएमसी हे माप लवादांच्या निवाड्यांत रूढ आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा त्या मापात झाला हे आम्हांस ठाऊक आहे. निवाड्याच्या कागदांत तो शब्द खुशाल राहो. परंतु लोकांस सांगताना त्याच्या शेजारी दलघमी आणि कोटी लिटर लिहिण्यास कोणत्या लवादाने मनाई केली आहे? तिसरा आक्षेप रूढीचा. ब्रास हे मजुराच्या व गाडीवाल्याच्या अंगवळणी पडले आहे, ते सोडविणे त्रासाचे होईल, असे सांगण्यात येते. पायलीही अशीच अंगवळणी पडली होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पायली ज्या शेतकऱ्याने काही वर्षांत सोडून दाखविली, त्यास घनमीटर कळणार नाही असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. खरे पाहता रूढीचा कैवार बहुधा तोच घेतो, ज्याचे रूढीत काही गुंतलेले असते.

म्हणून आमच्या सूचना या आहेत. पहिली, धरणसाठ्याच्या प्रत्येक जाहीर पत्रकात टक्केवारीबरोबर उपयुक्त साठा दलघमीत द्यावा, आणि पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी किती दिवस पुरेल हेही लिहावे. दुसरी, पाण्याच्या प्रत्येक टँकरची टाकी हंगामापूर्वी मोजून तिची धारणा लिटरांत, मोजल्याच्या तारखेसह टाकीवर लिहावी, आणि ग्रामपंचायतीस ती फीत लावून पडताळण्याची मुभा असावी. तिसरी, गाळाच्या कामाचे माप कामाआधी व कामानंतर खड्ड्यात, घनमीटरांत घ्यावे आणि गावच्या फलकावर लावावे. देयकात ब्रास हा शब्द नसावा. चौथी, शाळांनी आकारमानाची उदाहरणे पुस्तकातील काल्पनिक हौदांवर न घालता गावच्या विहिरीवर, तळ्यावर आणि शाळेच्या छपरावर घालावी. पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला की साडेसदतीस हजार लिटर पाणी होते, आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी तीस हजार उरते, म्हणजे पाच माणसांचे जवळजवळ साडेतीन महिने. हे ज्या मुलाने स्वतः काढले, तो मोठेपणी पन्हळ लावल्यावाचून राहणार नाही. पाचवी सूचना आमच्या व्यवसायबंधूंस आहे. कोणत्याही परक्या मापातील आकडा लिटर अगर घनमीटर यांत उतरवून दिल्याखेरीज छापू नये.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पडलेल्या पावसावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा आणि त्यावरून पिके ठरविण्याचा परिपाठ घालून दिला आहे. त्या गावावर पाऊस काही आपल्याहून अधिक मेहेरबान नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पाण्याची जमा वाचून दाखविण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. १ मे रोजी पुन्हा सभा भरते. त्या दिवशी खर्च वाचावा. जमा आणि खर्च एकाच मापात असले म्हणजे शिल्लक कोणी सांगावी लागत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. खडकपूर्णेच्या जलाशयास संत चोखासागर असे नाव आहे, कारण त्याच परिसरातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मस्थान मानले जाते. चोखोबांच्या समाजास शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, आणि त्या अन्यायाविरुद्ध डॉ. आंबेडकरांस १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाण्यास शिवण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पाणी मोजून घेण्याचा हक्क अद्याप मिळावयाचा आहे. जोवर मापाचे ज्ञान कचेरीत आणि कंत्राटदाराच्या खिशात आहे, तोवर शेवटच्या घरास सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी मिळणार, हे ठरलेले आहे. ज्या जिल्ह्याने आपल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एकास चोखोबांचे नाव दिले, त्या जिल्ह्याने त्यातील पाण्याचा हिशेब शेवटच्या घरातील बाईला तिच्या हंड्यापर्यंत उतरवून सांगावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि तिला कोणतेही भांडवल लागत नाही, एक फीत आणि हजाराने गुणण्याची तयारी एवढे पुरे आहे.